हिरव्या पाण्यातही उपाशी

फाल्गुन संपत आला होता. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीपासून थोडं आत, आप्पांचं शेततळं आहे. आप्पा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. शेतात पपई आणि कपाशी, आणि दोन वर्षांपासून तळ्यात मोत्यांसाठी ठेवलेले शिंपले. काठाला बांबू, बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांना जाळीच्या पिशव्या आणि एकेका पिशवीत दोन-दोन शिंपले. त्या दिवशी त्यांनी एकेक पिशवी वर ओढून मला दाखवली. जिवंत शिंपला हाताला गच्च मिटलेला लागतो. मेलेला आ वासून वर येतो, आणि त्याच्या आधी त्याचा वास येतो. सहा पिशव्या काढल्या, त्यात आठ शिंपले आ वासलेले.

"पानी ते हिरवंगार शे जवाईबुवा, मंग खायाले काय कमी पडनं यासले?" आप्पांनी विचारलं. आणि पिशवी परत पाण्यात सोडता सोडता दुसरा प्रश्न, "आनि यासले आठे पोरे का होतस नही?"

मी धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बांधावर उभं राहून जे सुचलं ते सांगितलं, पण दोन्ही प्रश्न इतके नेमके होते की त्यांचं उत्तर निवांत लिहावं असं तेव्हापासून मनात होतं. कारण शिंपल्याच्या पिल्लाला कोणतं शेवाळ चालतं आणि कोणतं नाही, या एकाच गोष्टीवर जगभरातली शिंपल्यांची हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवायची जागा, उभी आहे. आणि त्या विषयाचं सार आप्पांच्या पहिल्या प्रश्नातच आहे. पाणी हिरवं असणं आणि पाण्यात अन्न असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तळ्यातलं बाटलीभर पाणी मी धुळ्याला घेऊन आलो आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बारीक बारीक ठिपके, आणि ते सुटे नव्हते. साबुदाण्याची खीर घट्ट झाल्यावर दाणे जसे चिकात अडकून बसतात तसे चिकट गोळ्यांत अडकलेले. हे मायक्रोसिस्टिस. याला आपण नीलहरित शेवाळ म्हणतो, पण खरं तर हे जिवाणूंच्या कुळातलं. उन्हाळ्यात साचलेल्या, खताचं पाणी झिरपणाऱ्या तळ्यात ते माजतं. शिंपल्याला ते पचायला नकोसं, बऱ्याचदा विषारी, आणि ज्या चरबीवर शिंपल्याचं शरीर बांधलं जातं ती त्यात जवळपास नसतेच. आप्पांचे शिंपले मोत्याचं बीज आत बसवायच्या ऑपरेशनच्या जखमेने, पहाटे पाण्यात कमी पडणाऱ्या प्राणवायूने आणि असल्या अन्नाने, तिन्ही मिळून खचले. पाणी मात्र काठावरून बघणाऱ्याला समृद्ध दिसत होतं.

मोठ्या शिंपल्याचं हे असं. तो निदान अंगातल्या साठ्यावर काही आठवडे काढू शकतो. पिल्लाकडे असा साठा नसतो, म्हणून अन्नाची खरी परीक्षा पिल्लाच्या वयात होते.

इथे एक फरक आधी सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं तापीच्या शिंपल्याला लागू आहे असं वाटेल. नदीतल्या शिंपल्याचं पिल्लू शेवाळ खाऊन वाढत नाही. आई त्याला आपल्या कल्ल्यांत सांभाळते आणि मग पाण्यात सोडते. त्या वेळी ते दोन इवल्या झडपांचं असतं, झडपा उघड-मीट करत राहतं, आणि जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन चिकटतं. माशाचं शरीर त्याच्याभोवती कातडीचं आवरण धरतं. आत राहून पिल्लाचा लहानसा शिंपला तयार होतो, तो गळून तळाच्या गाळात पडतो, आणि तिथून पुढे बारीक शेवाळ खायला लागतो. आप्पांच्या तळ्याला खालून प्लास्टिकचं अस्तर आहे आणि मासे त्यांनी सोडलेले नाहीत. चिकटायला मासा नाही, पडायला गाळ नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

समुद्रातल्या शिंपल्यांची, म्हणजे कोकणात ज्यांना कालवं, तिसऱ्या, शिणाणे म्हणतात त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या पिल्लाला मासा लागत नाही, आईही सांभाळत नाही. कालवाची मादी अंडी पाण्यात सोडते, नर बीज सोडतो आणि दोघांची भेट उघड्या पाण्यात होते. मोठ्या जातीच्या एका मादीची अंडी कोटीच्या घरात जातात. अंडं साधारण ५० मायक्रॉनचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. साधारण एका दिवसात त्या अंड्याचं पिल्लू होतं. इंग्रजी डी अक्षरासारख्या आकाराचं, पारदर्शक, दोन झडपांचं, केसाच्या जाडीएवढं. शास्त्राच्या पुस्तकात त्याला डिंभक म्हणतात, पण मी पिल्लूच म्हणतो.

हे पिल्लू खातं कसं ते पाहण्यासारखं आहे. झडपांच्या फटीतून ते एक पातळ पडदा बाहेर काढतं. पडद्याच्या कडेला बारीक केसांची झालर, आणि ते केस एका लयीत हलत असतात. त्याच पडद्याने ते पोहतं आणि त्यानेच पाणी ढवळून कण तोंडाकडे ओढतं. तोंड इतकं लहान की सुरुवातीच्या दिवसांत पाच-सहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण गिळता येत नाही. म्हणजे पहिली अट आकाराची. टेट्रासेल्मिस नावाचं एक हिरवं शेवाळ आहे, चार शेपट्यांनी झपाझप पोहतं, आणि मोठ्या पिल्लांना ते छान चालतं. पण त्याची एक पेशी दहा मायक्रॉनच्या पुढे. पहिल्या आठवड्यात ते देणं म्हणजे बाळाच्या पुढ्यात अख्खी भाकरी ठेवण्यासारखं.

दुसरी अट पचण्याची. क्लोरेला हे नाव गोळ्यांच्या डब्यांवर तुम्ही वाचलं असेल. आकार चालण्याजोगा, प्रथिनं भरपूर, वाढवायला अगदी सोपं. पण त्याच्या पेशीभोवतीची भिंत इतकी चिवट की कालवाच्या पिल्लाला ती फोडता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली असं पिल्लू पोट हिरवं भरलेलं दिसतं, आणि काही वेळाने त्याच हिरव्या पेशी आल्या तशा बाहेर पडतात. गाईच्या शेणात अख्खी ज्वारी दिसावी तसं. पोट भरलेलं, अंगाला काही लागलेलं नाही.

मग अंगाला लागतं ते काय? हा शोध लागायला बराच काळ गेला. १९२० च्या दशकात अमेरिकेत कालवाची पिल्लं वाढवणारे लोक समुद्राचं पाणी दुधाच्या धंद्यातल्या सेंट्रिफ्यूजमधून फिरवायचे. मोठे कण बाजूला जायचे, बारीक शेवाळ पाण्यात राहायचं, आणि तेच पाणी ते पिल्लांना द्यायचे. कधी पिल्लं वाढायची, कधी सगळी मरायची. पाण्यात त्या दिवशी कोणतं शेवाळ होतं, यावर सारं अवलंबून. मग इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर, पोर्ट एरिन इथल्या प्रयोगशाळेत मेरी पार्क यांनी १९३८ मध्ये तिथल्या माशांच्या हौदातून एक सोनेरी-तपकिरी शेवाळ वेगळं काढलं. दोन शेपट्या, पाच-सहा मायक्रॉनचं अंग आणि भोवती कडक भिंत नाही. ते खाऊन कालवाची पिल्लं वाढतात हे तिथल्या मंडळींनी १९४० मध्ये छापलं, आणि १९४९ मध्ये पार्क यांनी त्याचं बारसं केलं, आयसोक्रायसिस गाल्बाना. एका हौदातलं ते शेवाळ पुढे जगभरच्या हॅचऱ्यांत पोहोचलं. त्याचा एक नातलग नंतर ताहिती बेटाकडून आला. त्याला ऊबदार पाणी मानवतं, म्हणून आपल्यासारख्या उष्ण देशांत तो जास्त चालतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलफर्ड इथल्या प्रयोगशाळेतून डेव्हिस आणि गिलार्ड यांनी दहा वंशांच्या सूक्ष्मजीवांची अन्न म्हणून तुलना करून छापली. कालव आणि क्लॅम (तिसऱ्यांच्या जातीचा शिंपला), दोघांच्या पिल्लांना एकेक अन्न देऊन वाढ मोजली. आयसोक्रायसिस आणि त्याच्या जवळचं आणखी एक सोनेरी शेवाळ, ज्याला आज पावलोवा म्हणून ओळखतात, ही दोन सरस ठरली. क्लोरेलावर कालवाची पिल्लं अडून राहिली. आणि मिश्रण दिलं की एकट्या अन्नापेक्षा वाढ बरी.

एवढ्यावर कुणी म्हणेल, भिंत पातळ आणि आकार लहान, झालं की. पण इथे एक शेवाळ मध्ये आडवं येतं, आणि मला या सगळ्या विषयात तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याचं नाव ड्युनालिएला. हिरवं, मऊ, भिंत नाहीच म्हटलं तरी चालेल. पिल्लू ते आवडीने गिळतं, पचवतं, प्रथिनंही मिळतात. आणि तरी वाढत नाही. आकार बरोबर, पचन बरोबर, पोट खरोखर भरलेलं, आणि पिल्लू उपाशी. का?

उत्तर चरबीत आहे. ओमेगा-३ चरबीचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, ईपीए आणि डीएचए. बाळाच्या दूध पावडरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात डीएचए लिहिलेलं असतं, तेच हे. ही दोन्ही पेशीच्या आवरणात बसतात, ते लवचिक ठेवतात, आणि मज्जापेशींना तर त्यांची फारच गरज. वाढणारं पिल्लू म्हणजे दिवसरात्र नव्या पेशी बांधणारं शरीर. पेशी बांधायची तर आवरण हवं, आवरणाला ही चरबी हवी, आणि शिंपल्याच्या पिल्लाला ती स्वतःच्या अंगात पुरेशी बनवता येत नाही. आयतीच मिळावी लागते. ड्युनालिएलात ती नाही. घर बांधायला विटा ढीगभर आल्या, गवंडीही आले, पण सिमेंट नाही, अशी गत.

ही निव्वळ अटकळ नव्हती. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये लँग्डन आणि वॉल्डॉक यांनी कालवाच्या, नुकत्याच खडकाला बसलेल्या बच्च्यांना ड्युनालिएला दिलं आणि सोबत माकुळाच्या (स्क्विडच्या) तेलाच्या अतिसूक्ष्म कुप्या दिल्या. माकुळाच्या तेलात डीएचए भरपूर. त्याच ड्युनालिएलावर बच्चे बऱ्यापैकी वाढायला लागले. बाकी सारं तेच ठेवून उणीव नेमकी कुठे होती ते यातून दिसलं. कोलेस्टेरॉलच्या जातीची काही द्रव्यंही अशीच बाहेरून, शेवाळातूनच यावी लागतात. आप्पांच्या तळ्यातल्या नीलहरित माजात तीही नाहीत आणि ही चरबीही नाही.

आता एक एक शेवाळ पाहिलं तर गंमत दिसते. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगलं, ईपीए जेमतेम. कीटोसेरॉस नावाचं डायाटम, म्हणजे काचेच्या कवचाचं शेवाळ, काचेच्या डबीला चार काटे फुटावेत तसं दिसणारं, त्याच्यात ईपीए भरपूर, डीएचए नाममात्र. पावलोवात दोन्ही, पण ते थंडाव्यात खुलतं आणि वाढवायला नाजूक. म्हणून हॅचरीत बहुतेक वेळा आयसोक्रायसिस आणि कीटोसेरॉस मिसळून देतात.

आपल्याकडे हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. कळण्याची भाकरी खाऊन वाढलेली माणसं आपण. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळायचे आणि त्या पिठाची भाकरी थापायची. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, उडदात ते भरपूर. उडदात मिथिओनिन कमी, ते ज्वारीतून येतं. कोणत्या आजीने हे मोजलं नव्हतं, तिला एवढंच माहीत होतं की कळण्याच्या भाकरीवर शेतात दिवसभर दम टिकतो. आयसोक्रायसिस आणि कीटोसेरॉस म्हणजे शिंपल्याच्या पिल्लाचा कळणा. एकाची उणीव दुसरा भरतो.

मात्र ओमेगा-३ म्हणजेच सर्व काही, असंही नाही. गरजेपुरतं मिळालं की त्यापुढे पिल्लाला ऊर्जा लागते. कॅनडात १९९३ मध्ये छापलेल्या एका कामात शेवाळ कमी-जास्त उजेडात वाढवून कालवाच्या पिल्लांना दिलं होतं. जास्त वाढ दिसली ती साधी, संपृक्त चरबी जास्त असलेल्या अन्नावर. म्हणजे शेवाळाची जात तीच, पण उजेड बदलला की ताटातलं अन्न बदलतं. एकाच वाणाची केळी दोन बांधांवर वेगळी उतरतात, हे जळगावच्या शेतकऱ्याला माहीत असतं. इथेही तसंच.

ही ऊर्जा लागते कधी? सतत लागतेच, पण दोन वेळा ती कमी पडली तर जिवावर बेततं. पहिली वेळ जन्मानंतरचे एक-दोन दिवस. तोंड आणि पोट नीट चालू होईपर्यंत पिल्लू आईने अंड्यात ठेवलेल्या तेलाच्या थेंबांवर जगतं. म्हणून अंडी घ्यायच्या आधी कित्येक आठवडे आईबापांना उत्तम शेवाळ चारतात. आईचं पोट आधी सांभाळायचं, मग बाळाचं.

दुसरी वेळ जास्त कठीण. दोन-तीन आठवडे पोहून, खाऊन पिल्लू ३०० मायक्रॉनच्या आसपास पोहोचतं. नुसत्या डोळ्याला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असा ठिपका दिसेल, एवढं. त्याच्या अंगावर एक काळा ठिपका उमटतो, तो डोळा. एक पाय फुटतो. मग ते पोहणं सोडून तळाशी उतरतं आणि पायाने चाचपत जागा शोधतं. जुना शिंपला, खडक, जे मनाला येईल ते. कालव असेल तर एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. चिकटल्यावर पोहायचा आणि खायचा तो केसाळ पडदा गळून पडतो. आणि मोठ्या शिंपल्यासारखे खाणारे कल्ले अजून तयार नसतात. जुनं तोंड गेलं, नवं आलेलं नाही. या मधल्या दिवसांत त्याला काहीच खाता येत नाही.

हे दिवस निघतात ते अंगात साठवलेल्या चरबीवर. पंढरीच्या वाटेला निघताना धडप्यात बांधून घेतलेली शिदोरी असते ना, तशी. शिदोरी आधीच बांधलेली असावी लागते, कारण वाटेत चूल मांडता येत नाही. ज्या पिल्लांना दोन आठवडे चरबी कमी असलेलं अन्न मिळालं ती आकाराने इतरांएवढी दिसू शकतात, पोहतातही. आणि चिकटायच्या वेळी टपाटप मरतात. हॅचरीवाल्याला वाटतं, काल तर सगळी ठणठणीत होती. चूक दहा दिवसांपूर्वीच्या ताटात झालेली असते. म्हणून जाणकार माणूस पिल्लाची लांबी मोजून थांबत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं पोट बघतो. चांगलं खाल्लेल्या पिल्लाच्या झडपांतून पोटाचा सोनेरी-तपकिरी रंग दिसतो आणि बाजूला तेलाचे गोल थेंब चमकतात. उपाशी पिल्लू काचेसारखं रिकामं, फिकं, पडदा आत ओढून तळाशी पडलेलं.

आता हे शेवाळ येतं कुठून? पिकवावं लागतं, आणि त्याची शेती आपल्या ओळखीची निघते. १९६२ मध्ये गिलार्ड यांनी रायदर यांच्यासोबत समुद्री शेवाळासाठी एक खताचं मिश्रण प्रसिद्ध केलं. त्याची निम्म्या ताकदीची आवृत्ती एफ-बाय-टू या नावाने आजही जगभर वापरतात. त्यात काय आहे पाहा. नत्र, स्फुरद, लोह, तांबं, जस्त, मँगनीज, मॉलिब्डेनम, कोबाल्ट. ठिबकच्या टाकीत सूक्ष्म अन्नद्रव्यं सोडणाऱ्याला ही यादी नवी नाही. वर बी-१, बी-१२ आणि बायोटिन ही जीवनसत्त्वं. डायाटम वाढवायचं तर सिलिकाही, कारण त्याची काचेची डबी सिलिकाचीच असते.

खऱ्या समुद्रात ही सिलिका नद्या नेतात. सह्याद्री आणि सातपुड्याच्या काळ्या पाषाणावर पाऊस पडतो, दगड झिजतो, त्यातली थोडी सिलिका पाण्यात विरघळते. तापी आपल्या खानदेशातून पश्चिमेला वाहत सुरतेच्या खाली समुद्राला मिळते, तेव्हा तिच्या पाण्यात ती असते. खानदेशात समुद्र नाही, तरी आपल्या दगडाचा अंश समुद्रातल्या डायाटमच्या डबीत जातो आणि डायाटम शिंपल्याच्या पिल्लाच्या पोटात. तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या संगमावर उभं राहिलो की मला हे हमखास आठवतं.

हिशोबही करून पाहू. १००० लिटरची टाकी. दर मिलिलिटरला ५ पिल्लं, म्हणजे टाकीत ५० लाख पिल्लं. पाण्यात दर मिलिलिटरला ५०,००० शेवाळपेशी ठेवायच्या, तर पूर्ण टाकीला ५००० कोटी पेशी. आकडा ऐकून छाती दडपते. पण दाट वाढवलेल्या शेवाळात दर मिलिलिटरला ५० लाख पेशी सहज असतात, म्हणजे लागतं फक्त १० लिटर. पेशी मोजतात ती रक्तपेशी मोजायची काच वापरून, गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते तीच. अडचण पुढे आहे. पिल्लं रोज मोठी होतात, रोज जास्त खातात, आणि हे १० लिटर रोज ताजं, शुद्ध हवं. म्हणून हॅचरीच्या एकूण खर्चातला साधारण तिसरा हिस्सा एकट्या शेवाळावर जातो.

जास्त घालून चालत नाही. न खाल्लेलं शेवाळ मरून तळाशी बसतं, कुजतं, त्यावर व्हिब्रिओ जातीचे जिवाणू माजतात आणि एका रात्रीत टाकी साफ होते. बाळ रडतंय म्हणून कोंबत राहिलं की पोट बिघडतं. जुनं झालेलं शेवाळही टाळतात. भेंडी एक दिवस उशिरा तोडली की जून होते, तसं नत्र संपल्यावर शेवाळाच्या पेशीत प्रथिनं घटतात आणि सोबत जिवाणू वाढतात. जोमाने वाढत असलेल्या शेवाळाच्या कोरड्या वजनात ३० ते ४० टक्के प्रथिनं, १० ते २० टक्के चरबी आणि ५ ते १५ टक्के पिष्टमय पदार्थ असतात. कापणी त्याच वेळी करायची.

आपल्या देशातही हे काम झालेलं आहे. तमिळनाडूत तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात १९७३ मध्ये मोती कालवात गोल मोती तयार करण्यात यश आलं. पण त्यासाठीची कालवं समुद्रातूनच वेचून आणावी लागायची. १९८१ मध्ये तिथेच मोती कालवाची पिल्लं हॅचरीत वाढवून चिकटण्यापर्यंत नेली, आणि त्यांचं मुख्य अन्न होतं आयसोक्रायसिस. मोत्याचं कौतुक सगळे करतात. मला त्या सोनेरी-तपकिरी शेवाळाचंही तेवढंच कौतुक वाटतं.

आणि म्हणूनच आप्पांच्या तळ्याची काळजी वाटते. गोड्या पाण्यातल्या मोत्यांसाठी आज ठिकठिकाणी नदीतून शिंपले पोत्यांनी काढून नेतात. तळ्यात निम्मे मेले की परत नदीवर जातात. तळ्यात त्यांचं पिल्लू होत नाही, नदीत आईच शिल्लक राहत नाही. शिंपला नदीचं पाणी गाळतो, तळाचा गाळ धरून ठेवतो. तो गेला की पाण्याची कळा बदलते. मोती पिकवायचा असेल तर शिंपल्याचं मूल वाढवायलाही शिकावं लागेल, आणि त्या मुलाला काय खायला घालायचं हेही.

आप्पांना मी तीन गोष्टी सांगितल्या. एका कोपऱ्यात अस्तरावर हातभर गाळ आणि वाळू टाका. तापीतले थोडे मासे सोडा. आणि पपईच्या शेतातून खताचं पाणी तळ्यात उतरतं तो चर बांध घालून बंद करा. आप्पांनी चर त्याच आठवड्यात बंद केला, मासे आषाढात सोडले.

श्रावणात ते राखीला धुळ्याला आले तेव्हा पिशवीत तळ्याच्या पाण्याची बाटली होती. जेवणं झाल्यावर आम्ही कॉलेजात गेलो. काचेवर थेंब ठेवला, भिंग फिरवून नीट केलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. चिकट गोळे तुरळक होते. मध्ये लांबट, होडीच्या आकाराची, तपकिरी डायाटम इकडून तिकडे सरकत होती, आणि त्यांच्यामधून एक-दोन हिरवे ठिपके भरकन निघून जात होते. आप्पा बराच वेळ डोळा लावून बसले.

"हाई होडीसारखं काय शे?"

"ते खाणं, आप्पा."

त्यांनी डोळा काढला नाही. "मंग पोरे कोठे शेतस?"

पोरं असली तर माशांच्या कल्ल्यांत असतील, मी म्हणालो. पुढच्या खेपेला एक मासा धरून ओला फडका गुंडाळून आणा, कल्ला उघडून बघू.